मागच्या गेटवरची पाटी

जूनचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. जागा: चेन्नईत, अड्यारमधल्या आमच्या घराचा पोर्च. हजर: सुंदरमामा (व्हीलचेअरवर), त्यांचा मुलगा मुरली, गल्लीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी नटराजन सर, माझा नवरा श्रीकांत, आणि मी. गैरहजर: कोणी नाही.

ही नोंद माझ्या वहीत अशीच आहे. खाली काय काय ठरलं तेही आहे, मुद्द्यांना आकडे घालून. फक्त एक गोष्ट तिथे नाही. ती मी कुठेच लिहिलेली नाही आणि कोणाला सांगितलेलीही नाही — श्रीकांतला नाही, नाशिकच्या माझ्या बहिणीला नाही, जिला मी सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांच्या मनात माझं जे चित्र आहे ना — व्यवस्थित बाई, शब्दाची पक्की — त्याच्याशी माझी फार जुनी जवळीक आहे.

आधी थोडं माझ्या कामाबद्दल, कारण ते इथे लागतं. शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या इमारतीची सगळी व्यवस्था मी बघते. लिफ्ट, पाणी, सफाई, आग लागली तर कोण कुठून उतरणार. माझ्याकडे याद्या असतात. रोजची वेगळी, आठवड्याची वेगळी, आणि धोक्याच्या जागांची तिसरी. ओली फरशी असेल तिथे पिवळी पाटी. कोणी घसरलं तर वरच्या मजल्यावरून पहिला प्रश्न ‘लागलं का?’ असा येत नाही. ‘पाटी होती का?’ असा येतो. आणि पाटी असतेच. नसली तर पाच मिनिटांत असते. हे मला कुणी शिकवलं नाही. मी बघून शिकले, आणि चांगलं शिकले.

आता घर. आमच्या घराच्या कडेने गाडी जायची फरशीची वाट आहे. पुढे रस्त्याकडे मोठं गेट, मागे गल्लीत उघडणारं छोटं. ती वाट आमच्या मालकीची, खरेदीखतात तसं स्पष्ट आहे. मामांचं घर मागच्या गल्लीत. दुधाचं बूथ आणि पिल्लैयारचं, म्हणजे गणपतीचं, देऊळ पुढच्या रस्त्यावर. गल्लीतून वळसा घालून गेलं तर पंधरा मिनिटं, आमच्या वाटेने दोन. आधीचे मालक मामांना कित्येक वर्षं जाऊ देत होते. आम्ही घर घेतलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला मी खिडकीतून बघते तर एक उंच म्हातारे गृहस्थ, पांढरी वेष्टी नेसलेले, हातात कापडी पिशवी, आमच्या गाडीला हलकेच वळसा घालून चाललेले. जाताना त्यांनी नळ टपकत होता तो घट्ट केला.

मी बाहेर जाऊन इंग्रजीत विचारलं, आपण कोण? त्यांनी माझ्याकडे बघितलं, आतून श्रीकांतची हाक ऐकली, आणि म्हणाले, “तुम्ही मराठी काय? आम्हीही मराठीच. तंजावरचे.”

त्यांची मराठी मला आधी कळेचना. जुनी, वळणावळणाची, तमिळच्या चालीवर. ‘मला’ नाही, ‘मज’. मध्येच ‘सरि, सरि’ — बरं, बरं. ते मला अम्मा म्हणायचे, वयाने मुलीसारखी असून. मी त्यांना मामा म्हणायला लागले, इथे सगळेच म्हणतात तसं. “तुमची मराठी मोटार हो अम्मा,” ते म्हणायचे, “आमची बैलगाडी. जरा थांबून बोला, मज मागून येऊ द्या.” त्या रस्त्यावर माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. हे आता सांगताना बरं वाटतंय. म्हणून यावर जास्त वेळ घालवत नाही.

कारण मला त्यांचं येणं खुपायचंही. खरं सांगायचं तर रोज खुपायचं. माझी जागा, माझं गेट, आणि कडी दुसराच कोणी काढतो. मागच्या गेटला जाळी आहे, तिच्यातून हात घालून ते आतली कडी काढायचे — सवयीने, न बघता, स्वतःच्या घरची काढावी तशी. एका ओळखीच्या वकिलांना मी विचारलं. ते म्हणाले, आधीच्या मालकांनी दिली ती सवलत होती. पण तुम्ही वर्षानुवर्षं गप्प बसलात तर उद्या हे ‘आमची वहिवाट आहे’ म्हणून उभे राहतील. आणि दुसरं — आत कुठे धोका असला, तुम्हाला तो माहीत असला, हा माणूस रोज तिथून जातो हेही माहीत असलं, आणि तो पडला, तर ‘न विचारता आला होता’ एवढ्यावर सुटाल असं समजू नका. पाटी लावा. गेटला कुलूप लावा. धोका असेल तर आधी दुरुस्त करा.

तीन सूचना. मी तिन्ही यादीत उतरवल्या.

पाटी एप्रिलमध्ये करून आणली. पत्र्याची, वर तमिळ, खाली इंग्रजी: खासगी जागा, आत येऊ नये, इजा झाल्यास मालक जबाबदार नाहीत. पावतीवर तारीख आहे. ती तारीख खरी आहे, हे लक्षात ठेवा. मी पाटी लावली नाही. लावायला निघाले त्या सकाळी मामा कढीपत्त्याची जुडी घेऊन आले. मग पुढच्या रविवारी लावू म्हटलं. पुढच्या रविवारी आणखी काहीतरी. त्यांच्या तोंडावर ती पाटी ठोकायचं मला धैर्य होत नव्हतं, आणि ‘मामा, इथून येऊ नका’ असं सरळ सांगायचंही नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी धुलाईच्या मशीनमागे पडून राहिली.

आणि धोका? त्या वाटेच्या मधोमध आमची जमिनीखालची पाण्याची टाकी आहे. टँकर आला की माणूस तिचं सिमेंटचं झाकण उचलतो आणि पाइप सोडतो. मार्चअखेर एकदा झाकण त्याच्या हातून निसटलं आणि एक कोपरा फुटला, उरलेल्याला तडा गेला. ‘झाकण बदलणे’ — मी त्याच दिवशी लिहिलं. मग ते दर आठवड्याला पुढच्या पानावर जात राहिलं. ऑफिसात असं काही असतं तर दुपारपर्यंत मी दोरी बांधून घेतली असती. घरी आम्ही दोघंही झाकण चुकवून चालायचो. आमच्या पायांना ते माहीत होतं.

त्यांच्या पायांनाही होतं, असं मला वाटत आलं होतं. मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी माझ्या गाडीने जरा जास्त जागा अडवली होती. मीच लावली होती, आदल्या संध्याकाळी, कंटाळून, तिरकी. मामांना गाडीला वळसा घालता आला नाही. दूध घेऊन परतताना ते झाकणावरून गेले.

आवाज मोठा नव्हता. मी चहा गाळत होते.

पाय गुडघ्यापर्यंत आत, बाकीचं शरीर आडवं. ओरडत नव्हते. “परवायिल्ल, परवायिल्ल,” म्हणत होते — काही नाही, काही नाही — जसं मीच पडले होते. श्रीकांतने आणि समोरच्या रिक्षावाल्याने त्यांना उचललं आणि दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

मी मागे राहिले. घर उघडं होतं, गॅसवर चहा होता — कोणीतरी राहायलाच हवं होतं, नाही का? दुधाची पिशवी फुटली होती. मुंग्या येतील म्हणून मी आधी ते दूध धुवून काढलं. मग मशीनमागून पाटी काढली. वर्तमानपत्र घडी करून रद्दीत ठेवलं. पक्कड आणि तार घेतली आणि मागच्या गेटच्या जाळीला पाटी बांधली, बरोबर मध्यावर, छातीच्या उंचीवर, चारही कोपरे ताणून. मला वाकडी पाटी सहन होत नाही. मग तिचा फोटो काढला.

माझे हात थरथरत होते असं लिहिलं तर तुम्हाला मी जरा बरी वाटेन. थरथरत नव्हते. हात कामात होते.

तेव्हा मनात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. केस होईल ही भीती होती. त्याहून मोठी गोष्ट ही की माझ्या घरी, माझ्या हद्दीत, मला माहीत असलेल्या खड्ड्यात माणूस पडला होता, आणि हे लोकांना कळणार होतं. इमारतीत दोन हजार माणसं सुखरूप ठेवणारी बाई. बस. याच्यापलीकडे काही थोर कारण सापडलं नाही. संध्याकाळी श्रीकांतने विचारलं, “ही पाटी कधी लावलीस?” मी म्हटलं, एप्रिलमध्ये. तो म्हणाला, “बरं झालं.” तो मागच्या गेटने कधी जातच नाही.

मग तो रविवार. मुरली चिडूनच आला होता. झाकण दोन महिने फुटलेलं का ठेवलं, याचं उत्तर त्याला हवं होतं, आणि ते मागायचा त्याला पूर्ण हक्क होता. नटराजन सर मध्यस्थ म्हणून. मामा हट्टाने आले होते, शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडेही झाले नव्हते. मी सगळ्यांना कॉफी दिली आणि वही उघडली. पावती ठेवली. पाटीचा फोटो दाखवला.

“मॅडम वेरी सिस्टिमॅटिक,” नटराजन सर म्हणाले. “पाटी होती म्हणजे, मुरली, सगळं बदललंच की.”

मुरलीने पावती दोनदा वाचली. त्याचा आवाज खाली आला. “अप्पा, तुम्ही सांगितलं नाही, पाटी आहे म्हणून.”

“पाटी नव्हती रे,” मामा म्हणाले.

“अप्पा. समोर आहे.”

“आज आहे. त्या दिवशी नव्हती.” ते रागावले नव्हते, हिशेब समजावून सांगावा तसे बोलत होते. मग म्हणाले, मज तिथे ने. मुरलीने खुर्ची मागच्या गेटपाशी ढकलत नेली, आम्ही सगळे मागून. मामांनी त्याला गेट उघडून बाहेर न्यायला लावलं, गेट पुन्हा लावायला लावलं, आणि गल्लीच्या बाजूने जाळीतून हात घातला — नेहमीचा हात, नेहमीच्या जागी. हात पत्र्यावर आपटला. पाटी बरोबर त्यांच्या हाताच्या वाटेवर होती.

“पाहा की,” ते म्हणाले. “मी रोज इथून कडी काढतों. पाटी असती तर माझा हात कसा गेला असता?”

नटराजन सर माझ्याकडे बघायला लागले. मुरली बघायला लागला. तुम्ही त्या जागी असतात तर तुम्हालाही कळलं असतं, इतकं ते स्वच्छ होतं. मला वाटलं, संपलं. आणि — हे मला आजही नीट आठवतं — त्या क्षणी मला हलकं वाटलं.

मग मी बोलले. शांतपणे, प्रेमाने बोलले.

“मामा, तुम्ही खालून हात घालायचात. पाटीच्या खालून, वाकून. मी स्वयंपाकघरातून रोज बघायचे ना.”

हाच तो कबुलीचा मजकूर. पाटी बांधणं ही घाबरलेल्या माणसाची लबाडी होती, असं म्हणता येईल. हे तसं नव्हतं. या माणसाने सगळ्यांसमोर खरं सिद्ध करून दाखवलं होतं, आणि मी त्याच्याच हाताबद्दल त्याला खोटं सांगितलं — तपशील घालून, कारण तपशिलाने लोकांना पटतं हे मला ठाऊक आहे.

मामांनी हात जाळीतून काढून घेतला. तळवा वर करून त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “असेल.” आणि थोड्या वेळाने, “असेल हो. अम्मा कशाला खोटं सांगतील.”

मुरलीने माझी माफी मागितली. “सॉरी अक्का. तुमच्या जागेत येऊन वर तुम्हालाच त्रास.” मी म्हटलं, असू दे, आता त्यांना जप. वहीत लिहिलं: एक, झाकण बदलायचं. दोन, मागच्या गेटला कुलूप. तीन, मामांना एकटं बाहेर सोडायचं नाही. तिसरा मुद्दा मुरलीने सुचवला, शब्द माझे.

तुम्हाला वाटेल, मग विषय संपला. हाड जुळलं, मामा काठीने चालायला लागले. पण मुरली चांगला मुलगा आहे, आणि चांगल्या मुलाने करायचं ते त्याने केलं. रोज दिसणारी पाटी ज्यांना आठवत नाही, इतकंच नाही तर ती नव्हती म्हणून जे भांडतात, त्यांना त्याने एकटं ठेवलं नाही. मागच्या गल्लीतलं घर बंद करून त्यांना शोळिंगनल्लूरला आपल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं. स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. किल्ल्या काढून घेतल्या, गॅस लावू देईना. आणि मला फोन केला — अक्का, तुम्ही इतक्या व्यवस्थित, अप्पांसाठी रोजची एक यादी करून द्याल का? आजचा वार, गोळ्या, जेवण झालं की नाही, दाराला आतून कडी लावायची नाही, असं.

मी करून दिली. मोठ्या अक्षरात, तमिळमध्ये, प्लास्टिकमध्ये घालून.

माझं ऑफिस जवळच आहे, म्हणून मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचे. का जायचे? प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका. कदाचित नजर ठेवायला. मामा खिडकीशी बसलेले असायचे. खाली दूधवाला दिसतो, पण मुंगीएवढा. मुरलीची बायको चहा करायला आत गेली की ते हळूच पुढे वाकायचे आणि विचारायचे, “अम्मा, पाटी होती ना?”

“होती, मामा.”

“सरि.” मग बोटांनी खुर्चीचा हात चाचपायचे. दर वेळी. ते माझ्यावर संशय घेत नव्हते, हो. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं की आपलं डोकं कुठपर्यंत गेलंय. एवढी एकच पट्टी होती त्यांच्याकडे मोजायला, आणि ती माझ्या हातात होती. मी एकदाही ‘नव्हती’ म्हटलं नाही. सहा वेळा विचारलं त्यांनी. बरोबर सहा.

सातव्या वेळी विचारलं नाही. मी दारातून आत शिरले तेव्हाच त्यांचा चेहरा वेगळा होता, कित्येक महिन्यांनी हसरा. “अम्मा, आठवलं मज!” मुरलीही घरीच होता, तोही हसत होता. मामा सांगायला लागले. सकाळचं ऊन त्या पाटीवर कसं पडायचं. तमिळ अक्षरं निळी, इंग्रजी तांबडी. एकदा तिच्यावर खार बसली होती. ते वाकून, पाटीच्या खालून हात घालून कडी काढायचे, तेव्हा पत्र्याची धार मनगटाला लागायची. मनगट दाखवलं त्यांनी मला. तिथे काही नव्हतं.

“बघितलंत अक्का,” मुरली म्हणाला, “सगळं परत येतंय.”

मी चहा प्यायले. बिस्कीटही खाल्लं. त्या ऊन पडलेल्या पाटीत त्यांनी कितीतरी सकाळी घातल्या होत्या — आपल्या स्वतःच्या, खऱ्या सकाळी मोडून. मी म्हटलं, हो मामा, खार मलाही आठवते.

या सोमवारी मुरलीने एक फॉर्म पाठवला. डॉक्टरांचा आहे. घरचं नसलेल्या, पण आजारापूर्वीपासून रोज बघणाऱ्या एका माणसाने तो भरायचा असतो. त्यावरून मामांना आयुष्यभराच्या गोळ्या चालू करायच्या का ते ठरणार. मुरलीने खाली लिहिलंय: अक्का, तुमच्याशिवाय कोण आहे. पहिल्या प्रश्नात पाटीचं लिहा, तिथूनच सुरू झालं ना.

आता सांगून काय होणार, सुखात आहेत ते, त्यांची ती आठवण का हिसकावायची — हे सगळं मी मनात म्हणून बघितलंय. ते मी माझ्यासाठी म्हणत होते. खोडून टाकलंय.

फॉर्मला बारा प्रश्न आहेत. दोन ते बारा मी काल रात्रीच्या जेवणाआधी भरले. नीट चालायचे का: हो. दुधाचा हिशेब ठेवायचे का: हो, तोंडी, न चुकता. माणसं ओळखायचे का: रस्त्यावरची सगळी, नावानिशी. बोलताना शब्द अडायचे का: नाही. खाली सही केली, फोन नंबर लिहिला.

पहिला प्रश्न असा आहे: विसरणं प्रथम कधी लक्षात आलं? प्रसंग लिहा. त्यापुढे तीन ओळी कोऱ्या आहेत. शुक्रवारी सकाळी मुरली फॉर्म न्यायला येणार आहे. आज बुधवार. त्या तीन ओळी भरायच्या राहिल्या आहेत.